दिवसातून दोनदा

“मॅडम, आबा खोटं बोलतायत.”

प्रतीक्षाने रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. शेवटचा शेरा होता, ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’. म्हणजे पेशंट आपलं ऐकत नाही.

मी शिरूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला जातात, म्हणजे वस्तीवर घरोघरी फिरून पेशंट बघतात. प्रतीक्षाच्या वाट्याला आलेल्या आबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण शुगर उतरेना, म्हणून ऑपरेशन दोन वेळा पुढे गेलेलं. या रिपोर्टवर माझी सही झाली की तिसऱ्यांदाही गेलं असतं. तोवर आबा ताटातली भाजी चाचपूनच खाणार.

“गोळ्या घेतात?”

“विचारलं की म्हणतात, व्हय, सांगितल्यापरमानं. मग शुगर खाली का येत नाही? चोरून गोड खात असणार. मी स्वयंपाकघरातले डबेपण हुंगले.”

“आणि?”

“एकात गूळ होता.”

गूळ कुणाच्या घरात नसतो? तरी खरं सांगते, संशय मलाही आला होता. म्हातारी माणसं गोडासाठी काय काय करतात, ते मी माझ्या सासऱ्यांपासून बघत आलेय.

सही मी दुसऱ्या दिवसावर ढकलली, कारण त्या दिवशी माझं आवडतं प्रॅक्टिकल होतं. मुलींना तासभर म्हातारं करायचं. गॉगलला व्हॅसलीन, कानांत कापूस, त्यावर कानटोपी, गुडघ्यांना क्रेप बँडेज, घोट्यांना किलोकिलो डाळीच्या पिशव्या.

प्रिन्सिपल सर दारातून डोकावले. “मॅडम, परीक्षा जवळ आलीय. हे गॅदरिंग कसलं?”

“सर, तुम्हालाही बांधू का?”

सर गेले.

मी मुद्दाम प्रतीक्षाला खुर्चीत बसवलं. मास्क लावला आणि तिच्याच चालीत, तिच्याच घाईत गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. पोरी फिदीफिदी हसल्या. प्रतीक्षाने मान डोलावली.

कानटोपी काढून विचारलं, “काय सांगितलं मी?”

“गोळी... जेवणानंतर?”

“जेवणाआधी. मग मान का डोलावलीस?”

“सगळ्या हसत होत्या, मॅडम. परत कसं विचारायचं?”

ती बोलली आणि तिचा चेहराच उतरला. “मॅडम, आबांकडे जाऊया का?”

गेलो. या वेळी तिने मास्क काढला, आबांच्या समोर बसली आणि सावकाश विचारलं, “आबा, शुगरची गोळी कशी घेता?”

“दोन दिसांतनं यकदा.”

“असं कुणी सांगितलं?”

“तूच की गं. तोंड बांधून आलती तवा.”

तिने सांगितलं होतं, ‘दिवसातून दोनदा’. मास्कमधून, उभ्या उभ्या. आबांच्या कानापर्यंत पोचलं ते ‘दोन दिवसांतून एकदा’. बिचारे तेवढं अगदी नेमाने पाळत होते. गूळ सुनेच्या चहातला.

“मग आबा, तेव्हाच का नाही विचारलंत?”

“तू घाईत व्हतीस. आन् किती येळा ‘आँ?’ म्हनायचं मानसानं?”

प्रतीक्षाने दुसरा रिपोर्ट लिहिला. त्यात चूक कुणाची, तेही लिहिलं. मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा नीट लावून दिल्या, शुगर उतरली, आणि आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचा नंबर लागलाय.

पंचवीस वर्षं शिकवून मला एवढंच कळलंय: आपण बोललेलं आपल्याला ऐकू येतं, हा काही समोरच्याला ऐकू गेल्याचा पुरावा नव्हे.