मरळीला माहेरी सोडून येताना

नंदनवन कॉलनीतल्या घरातून निघालो तेव्हाच ऊन डोक्यावर आलं होतं. हातात झाकणाचा डबा, डब्यात मरळ मासोळी. हिवाळ्यात साळ्याने ती बायकोसाठी तिच्या माहेरच्या बोडीतून (शेताजवळचं लहान तळं) जिवंत आणून दिली होती. रस्सा व्हायच्या आधीच बायको दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. मासोळी टाक्यात राहिली.

थंडीत ती तळाशी पडून असायची. हवा घ्यायला इतक्या उशिरा वर यायची, की मेली समजून मी काठीने ढोसायचो. उन्हाळा लागला, पाणी तापलं आणि बाईसाहेब घडीघडी वर. गप्पकन घोट घ्यायचा, खाली जायचं. दिवसभर तेच. रिकाम्या घरात दुसऱ्या कोणाच्या श्वासाचा आवाज मला सोसेना. पोरगा फोनवर म्हणाला, कापून टाका. ते हातून होईना. म्हणून ही यात्रा.

उमरेडच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, सांडलं तर उतरवून देईन. पाणी कमी पडू नये म्हणून डबा काठोकाठ भरला होताच. आता झाकणही गच्च दाबलं. थोड्या वेळाने आत धडधड सुरू. मी डब्यालाच दटावलं. शेजारी टोपलं घेऊन मासे विकणारी बाई बसली होती.

"काकाजी, मरळ आहे का जी आत?"

"हाव (हो). एवढं पाणी देऊनही नखरे करून राहिली."

"बुडून मरून राहिली ते. गरमीत तिले घडीघडी हवा लागते. झाकण काढा, अर्धं पाणी फेका."

मासोळी बुडते, हे ऐकायचं तेवढं राहिलं होतं. पण धडधड मंदावली होती. झाकण उघडून खिडकीतून पाणी ओतलं. मागच्या खिडकीतल्या माणसाने माझा उद्धार केला. मरळ आडवी पडलेली.

"घे ना वं," मी चिडून म्हणालो, "आता काहून थांबली?"

बऱ्याच वेळाने तिने तोंड वर काढलं. बाई म्हणाली, ओल्या गोणपाटात गुंडाळली असती तरी पोचली असती, एवढा पाण्याचा लाड कोणी सांगितला होता?

गावात बोडी आटून निम्मी झाली होती. चिखलात एक चप्पल रुतली ती गेलीच. मरळ सोडली, ती सरळ खाली. एकदा वर येऊन श्वास घेईल, तो बघून निघू, म्हणून उभा राहिलो. तर त्या तापल्या पाण्यात जागोजागी तोंडं वर येत होती, घोट घेऊन बुडत होती. त्यात माझी कोणती?

परतीच्या बसमध्ये अनवाणी पाय वर घेऊन बसलो आणि राग काही उतरेना. माझ्यासमोर एकदा वर आली असती तर काय बिघडलं असतं? दवाखान्यात बायकोनेही तेच केलं. मला चहा प्यायला खाली पाठवलं आणि गेली.