शनिवारचं पीठ

ज्या रविवारी आमच्या यांनी गळाची काठी शेजारच्याला देऊन टाकली, त्या रविवारी टँकर आला होता आणि घरातल्या सगळ्या घागरी भरल्या होत्या. काठी देऊन ते घरात आले, चहा प्यायले आणि पेपर वाचत बसले. मी पोळ्या लाटत होते. माझे हात थांबले नाहीत.

ती काठी घरातून का गेली, हे मला माहीत होतं. ते मी यांना कधी सांगितलं नाही. मुलीला नाही, बहिणीलाही नाही. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या माणसाला सांगितलं — पण ज्यांना सांगायला हवं होतं, ते आता नाहीत. आता तुम्हाला सांगते आहे. सरळ जमेल असं वाटत नाही. थोडा वळसा घेऊनच यावं लागेल.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत यांची बदली झाली, म्हणून मुखेडचं घर सोडून आम्ही लातुरात एका खोलीत आलो. मला शाळेत नोकरी लागली. मुलगी लहान होती. आणि त्या वर्षांत पाऊस नव्हता. नळ कोरडे. टँकर यायचा तो बहुधा रविवारी. घागरी रांगेत लावायच्या आणि आपण त्यांच्याजवळ उभं राहायचं, बस.

यांना एकच नाद. गळ टाकून रोहू धरायचा, कधी कटला. बांबू शेकून काठी स्वतः सरळ केलेली. तंगुसाची दोरी आणि गळ नांदेडहून, नदीकडच्या एका जाळीवाल्याकडून आणलेले. पाण्यावर तरंगायला मोरपिसाची दांडी. आणि काठीच्या शेंड्याला मुलीच्या पैंजणातलं एक घुंगरू — मासा ओढू लागला की वाजायचं.

गळाला लावायच्या चाऱ्याचं मात्र तसं सोपं नव्हतं. शेंगदाण्याची पेंड, डाळं, कणीक कुठंही मिळे. मसाला मिळे तो मुखेडच्या आठवडी बाजारात, बशीरभाई अत्तारांच्या पालात. बडीशेप, मेथी, नागरमोथा, आणि आणखी काय काय. ते पुरतं सांगत नसत. यांच्या वडिलांनीही बशीरभाईंच्या वडिलांकडून हाच मसाला नेलेला. शनिवारी संध्याकाळी तो घालून पीठ मी मळायची. यांनी वळलेला गोळा पाण्यात लगेच विरघळे, माझा टिकायचा. रविवारी सकाळी साबणाला हात न लावता हे निघत. माशाला वास लागतो म्हणे. शेजारच्या गंगाबाई दारातूनच म्हणायच्या, "निघाले का पारोसे नवरदेव? वऱ्हाड कुठल्या तळ्याला?" हे हसून सायकलवर टांग टाकायचे.

आणि मी रांगेत. दिसतंय ना तुम्हाला? मी पाण्यासाठी उभी, आणि माझा माणूस दिवसभर पाण्याच्या काठी बसलेला. तळं आटून मधे डोह तेवढा उरला होता, त्यामुळे मासे जास्तच लागत. संध्याकाळी ते उजळ चेहऱ्यानं घरी येत. मी बोलले का कधी? नाही. मी बोलणारी नव्हते, पुस्तक उघडून बसणारी होते.

एका शनिवारी स्टोत रॉकेल भरलं आणि हात नीट न पुसता पीठ मळलं. ते खरंच चुकून झालं. मसाल्याचा वास एवढा दांडगा, की आपल्या नाकाला दुसरं काही कळूच नये. माशाला कळलं. हे दुपारच्या आतच हात हलवत परत आले. मी अजून रांगेतच होते. त्यांनी माझ्या हातातली घागर घेतली. म्हणाले, "तू जा, सावलीत बस."

मी सावलीत बसले. मुलगी मांडीवर झोपली. पाण्याची काळजी दुसरं कुणीतरी करत होतं — ते मला फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी स्टो भरला आणि बोटं पुसली नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी तर स्टोत रॉकेल होतंच. मी बाटलीत बोट बुडवलं.

इथवर सांगणं सोपं आहे. तुम्ही कदाचित हसालही. दुष्काळ, रांग, थकलेली बाई — माझ्या बाजूनं बोलता येईल असं बरंच आहे. पण मला सांगायचं ते याच्या पुढचं.

हे आधी तळ्याला दोष देत राहिले. मग गळ बदलला, मग तंगूस. शेवटी शंका मसाल्यावर आली. सासूबाईंना भेटायला मुखेडला गेलो, तेव्हा बाजारात बशीरभाईंच्या पालापुढे आम्ही तिघं उभे राहिलो.

"बशीरभाई, मसाल्यात काय मिसळून राहिलात?" यांनी विचारलं.

बशीरभाईंना ती थट्टा वाटली. "उत्तमराव, मासे शहाणे झाले का तुमी येडे झालात?" त्यांनी चिमूटभर मसाला स्वतःच्या जिभेवर टाकला. "हे बघा, खाल्ला. मेलो तर भेसळ हाय म्हणा."

हे हसले नाहीत. "दुष्काळात कोण काय मिसळंल, सांगता येत न्हाई," म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. गिऱ्हाइकं थांबली. हळद घ्यायला आलेल्या एका बाईनं हातातली पुडी परत खाली ठेवली.

बशीरभाईंनी ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "भाभी, पीठ तुमी मळता. तुमीच सांगा. माझ्या मालात खोट हाय का?"

त्यांनी मला साक्षीला बोलावलं होतं. रॉकेलचं सांगायचीही गरज नव्हती. 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी त्या बाईनं पुडी पुन्हा उचलली असती. हे मला तेव्हाच, तिथेच कळत होतं.

मी मुलीचा फ्रॉक ओढून नीट केला आणि म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं?"

हाच तो माझा दोष. याच्यापुढे रॉकेल काहीच नाही.

 बशीरभाईंनी डबा झाकला आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. हे पुन्हा त्यांच्या पालाकडे गेले नाहीत. वाटेत दिसले तर रस्ता बदलायचे. मग काठी गेली. पुढे पाऊस झाला, तळं भरलं. मी म्हटलं, "जा की आता." तर म्हणाले, "माझा हात गेला." त्यांना खरंच तसं वाटत होतं — आपल्या हातातलंच काहीतरी गेलं. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर किती वर्षं आम्ही एका घरात राहिलो! दवाखान्यात शेवटी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. तेव्हाही नाही.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या दाढीच्या डब्यात, वस्तऱ्याखाली, मला घुंगरू सापडलं. काठी दिली होती. घुंगरू सोडवून ठेवलं होतं.

ते हातात घेऊन मी बरेच दिवस काढले. मग नांदेडला गेले. जाळीवाला आता नाही. एका दुकानात फायबरच्या काठ्या टांगलेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "आजी, नातवासाठी का?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यानं काठी उतरवली, गळ कसा बांधायचा ते दाखवलं, आणि माझ्याकडून पुन्हा पुन्हा बांधून घेतला.

चाऱ्यासाठी मुखेडला गेले. पालाच्या जागी आता पक्कं दुकान आहे. गल्ल्यावर सून बसते. बशीरभाई मागे खुर्चीत, डोळे गेलेत. मी नाव सांगितलं आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. सून तागडी तशीच धरून ऐकत होती.

"रॉकेल," ते म्हणाले. "म्हणजे मासाच शहाणा होता." मग म्हणाले, "मला सांगून काय, भाभी? त्याला सांगायचं होतं."

 

त्यांनी सुनेला डबे काढायला लावले. वास घेत घेत, हातानं चाचपत मसाला तयार केला. पुडी माझ्यापुढे धरली आणि मधेच थांबवली.

"घरात स्टो हाय का?"

"नाही. गॅस आहे."

"मग मळा."

मागच्या रविवारी घुंगरू वाजलं. एक रोहू लागला, लहानसा. काठी दाराआड उभी आहे. मसाला डब्यात निम्मा उरला आहे. शनिवारी हात नुसत्या पाण्यानं धुऊन मी पीठ मळते.