मटणावर कॅप्सूल

आमच्या घरी मटणाच्या जेवणानंतर पाहुण्यांना पान द्यायची पद्धत नव्हती. ॲसिडिटीची कॅप्सूल द्यायची पद्धत होती.

ही पद्धत मीच पाडलेली. दोन हजार सालाच्या आसपास माझ्या जळजळीवर डॉक्टरांनी ती कॅप्सूल दिली, गुण आला आणि मी थेट धन्वंतरीच झालो! (नोकरी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये.) पांढरा रस्सा संपला की मी स्टीलच्या ताटलीतून कॅप्सूल फिरवायचो. तीही आग्रह करकरून! "घ्या की वो, एकानं काय हुतंय?"

माझे सासरे, म्हणजे मामा, या ताटलीचे मोठे भक्त. गुडघा चोळत गडहिंग्लजच्या एसटीतून उतरायचे, तांबड्यावर ताव मारायचे आणि हात पुढं करायचे. "पावणं, द्या तुमचं त्ये आग इझवायचं." जाताना एक पाकीटही घेऊन जायचे.

एका रविवारी मात्र मामा दुसऱ्या वाटीलाच थांबले. कपाळावर घाम, तोंड पांढरंफटक.

"मामा, काय हुतंय?"

"गरगरतंय. पोटातबी जळतंय."

"पित्त! दुसरं काय!" मी ताटली आणायला उठलो.

"आन् चार दिस झालं, परसाकडं डांबरागत काळं हुतंय."

"आमची चटणी बाधली असंल!" मी ठणकावून सांगितलं.

माझी बायको शैला पातेलं सोडून धावत आली. "चटणी लाल असती, काळं कसं हुईल? डोस्कं हाय का खोकं? आधी रिक्षा बोलवा!"

रिक्षात मामांचा हात गार लागला आणि माझी बोबडीच वळली. आयला, सासरा माझ्याच पंगतीतनं जातोय की काय!

दवाखान्यात एकच धावपळ उडाली. रक्त चढवलं, मग दुर्बीण घालून बघितलं. जठरात अल्सर, आणि त्यातनं रक्त वाहत होतं. काळं होत होतं ते रक्तच!

मामा जरा सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्याला काय घेता?"

"दुखायची गोळी. रोज."

"तिनंच जठर सोललंय." मग मामांच्या खिशातलं पाकीट उचलून म्हणाले, "आणि ही कॅप्सूल कधी घेता?"

"मटण झाल्यावर! जळजळलं की परत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, जठरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. जेवायला लागलं की ते सुरू होतात. ही कॅप्सूल उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा तास घेतली तर त्यांना बंद पाडते. जेवल्यावर घेणं म्हणजे वरातीमागून घोडं! वर अर्धवट गुणानं जळजळ तेवढी दबली आणि खरं दुखणं झाकून राहिलं. कुठल्या डॉक्टरनं दिली ही?"

अंगात धड रक्त नसताना मामांनी अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. "आमचं जावई!"

"अच्छा! एम.बी.बी.एस.?"

"बी.कॉम.," मी पुटपुटलो. अख्खा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. धरणी दुभंगली असती तर मी चपला घालून तयारच होतो!

डॉक्टरांनी त्याच जातीचं औषध शिरेतनं दिलं, दुखायची गोळी बंद केली आणि मामा वाचले. मला तर रडूच आलं. मामांनी माझा हात धरला.

"रडायलाय कशाला? बरं वाटलं की येतो की जेवाय. फकस्त डॉक्टरास्नीबी आवतन द्या!"

मी लगेच डॉक्टरांना आमंत्रण दिलं.

"येईन की," ते म्हणाले. "पण वहिनींना वाढू दे. तुमच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही!"