महालक्ष्म्यांची कढी आणि माझा लॅपटॉप

हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. हा पराक्रम माझ्या नोकरीतल्या अकलेचाच आहे, दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

रामदासपेठेतल्या ऑफिसात माझं काम काय, तर कॉम्प्युटरकडून शेकडो कामं शिस्तीत करून घ्यायची. एक झाल्याशिवाय ज्याचं अडतं, त्यानं थांबायचं. ज्यांचं एकमेकांवाचून अडत नाही, ती एकाच वेळी चालवायची. आणि एखाद्या कामाचं ‘झालं’ असं उत्तर आलं नाही, तर तेच काम दुसऱ्या मोकळ्या मशीनला द्यायचं. आता सांगा, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक याहून वेगळा असतो का? मला वाटलं, नसतो.

सासरचं माझं पहिलं वर्ष. सासूबाई म्हणाल्या, "यंदा स्वयंपाकघर तू पाहा. बाकी उन्नीस-बीस झालं तरी चालंल, पण कढी बिघडू देऊ नको. लोक आपल्याकडं कढीसाठी येतात." पडवळाची कढी, तीही चाळीस पानांची. ती साधली तर घर माझ्या हाती. बिघडली तर जन्मभर कोथिंबीर निवडत बसायचं, हे न सांगता कळलं.

मग मी अख्खा स्वयंपाक लॅपटॉपवर चढवला आणि तो दारात स्टुलावर ठेवला. तो खणखणीत आवाजात नाव घेऊन काम सांगणार, काम झालं की बायकांनी आपापल्या मोबाईलवर ‘झालं’ दाबायचं. सकाळी भाज्या चिरून होईपर्यंत इतकं झकास चाललं की सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीनं, आत्याबाईंनी, सासूबाईंना म्हटलं, "सून हुशार भेटली वं तुले."

त्यानंतर सगळ्या आंघोळी करून सोवळ्यात आल्या. सोवळ्यात मोबाईलला हात कोण लावतं? सगळे मोबाईल बाहेर दिवाणावर. लॅपटॉपला शिवणारी म्हणून मी एकटी ओवळ्यात, त्यामुळे अंगणात उभी राहून पाहुण्यांना माझी हुशारी समजावून सांगत होते.

इकडे लॅपटॉप म्हणाला, "आत्याबाई, कढीत मीठ टाका." त्यांनी टाकलं आणि महालक्ष्म्यांवर फुलोरा बांधायला गेल्या. दहा मिनिटं झाली, ‘झालं’ काही येईना. मग त्यानं मोकळं माणूस शोधलं. "मोठ्या जाऊबाई, कढीत मीठ टाका."

"काहून, अजून टाकलंच नाही का?" म्हणत त्यांनीही टाकलं आणि पानं मांडायला गेल्या.

‘पुरण वाटा’ हेही तो पुन्हा पुन्हा सांगत होताच. पण वाटलेलं पुरण डोळ्यांना दिसतं, मीठ दिसत नाही. आणि नैवेद्याआधी चाखायची तर बातच नको.

मी आत येऊन पाहते तो पडद्यावर लाल अक्षरांत सगळ्यात वर: कढीत मीठ बाकी. चाळीस माणसं आणि अळणी कढी! इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. तशीच ओवळ्यात आत शिरले, चांगलं मूठभर मीठ टाकलं आणि बाहेर येऊन ‘झालं’ दाबलं.

नैवेद्य झाला, पंगत बसली. सासऱ्यांच्या मित्रानं पहिला भुरका मारला आणि द्रोण हळूच खाली ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "मीठ खाल्लं तुमचं. आता जन्मभर जागतो."

सासूबाईंनी जिभेला थेंब लावला आणि आमच्याकडे वळल्या. "कोणी टाकलं वं मीठ?"

"मी एकदा," आत्याबाई म्हणाल्या. "मी एकदा," जाऊबाई म्हणाल्या.

"हे दोनदाचं नाही. तिसरं कोण?"

मी पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरून राहिले होते. इतकं मन लावून मी आजवर कोणाला पाणी वाढलेलं नाही.

तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला. पंगतीच्या वेळेला शेवटचं ‘झालं’ कोणी दाबलं ते वाचून दाखवायचं आणि तिचं कौतुक करायचं, ही सोय मीच केली होती, स्वतःच्या हौसेनं.

"कढीत मीठ, धाकट्या सूनबाई. काम पूर्ण. शाब्बास!"

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. सासूबाई शांतपणे उठल्या.

"त्याले बंद कर अन् हात-पाय धुऊन ये," त्या म्हणाल्या. "दुसरी कढी टाकतो आम्ही. तू कोथिंबीर निवड."