बदलीवरची सुई

इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले, तशा गिरणीच्या दवाखान्यातल्या धम्मदीना सिस्टर घरीच बसल्या. पण राजेंद्र नगरात नवं नर्सिंग होम निघालं आणि त्यांना काम लागलं. यजमानांचा गिरणीतला कापड विणायचा साचा कायमचाच थांबलेला, त्यामुळे सगळं घर आता बाईंच्या पांढऱ्या साडीच्या आधारानं उभं होतं.

तिथला मॅनेजर नीरज आधी फ्रिज विकायचा. त्याच्या मते देशात उदारीकरण आल्यापासून पेशंट संपले होते, उरले होते कस्टमर. "सिस्टरजी, कस्टमरला सारखं नाव-गाव नाही विचारायचं. पोलीस थाना आहे का हा? स्माईल द्यायची, बस!"

बाईंनाही विचारायची सवय कुठे होती? गिरणीत चेहरा बघूनच त्या गोळी काढायच्या. इथले चेहरे मात्र अनोळखी.

त्या सकाळी एसी विंगचं उद्घाटन होतं. सगळ्या सिस्टरांनी गुलाबपाणी घेऊन दारात उभं राहायचा हुकूम होता. रजेवरून आलेल्या बाई घाईनं जनरल वॉर्डात शिरल्या. कूलरसमोरच्या खाटेला जयसिंगरावांचा केसपेपर लटकत होता, नाश्त्याआधी इन्सुलिन. खाटेवर एक गृहस्थ पाय पसरून वारा खात होते.

"जयसिंगराव ना?"

"हजर!" गृहस्थांनी बाही वर केली.

सुई काढून कापूस लावताहेत, तोच दुसरे गृहस्थ बिडी ओढून परतले. "काय वाल्मिक, माझी सुई झाली का रे?"

"झाली ना भिया. बदलीवर मीच घेऊन टाकली."

दोघंही दुसऱ्या गिरणीतले जुने सोबती, आणि गिरणीत रिवाजच होता तो. सोबती चहाला गेला की शेजाऱ्यानं त्याच्या नावाला 'हजर' म्हणायचं आणि त्याचा साचा सांभाळायचा. वाल्मिक आला होता कापसाच्या धुळीनं दिलेला खोकला घेऊन. मधुमेहाशी त्याचा संबंधच नव्हता.

"अहो, सुई म्हणजे काय साचा वाटला तुम्हाला?"

"सिस्टर, याचा खाडा आजवर पडू दिला नाही मी," वाल्मिकनं छाती फुगवली.

साखर उतरली तर हा माणूस बोलता बोलता बेशुद्ध होईल. बाईंनी डॉक्टर मंजिरींना हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. जयसिंगरावांची सुई याला दिली."

डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली मागवली. "तोवर तोंडात काहीतरी गोड द्या. आणि याच्यापाशीच बसा."

जयसिंगरावांनी मान खाली घालून उशीखालून जिलबी काढली.

"तुम्हाला साखर आहे ना हो?" डॉक्टर कडाडल्या.

"मग सुई कशासाठी घेतो, मॅडमजी? हिच्यासाठीच तर!"

वाल्मिकनं जिलबी खाल्ली. एवढ्यात नीरज आला. "सिस्टरजी, पाहुणे गेटवर आले! आणि ही बात बाहेर नको हं. कस्टमर हसतोय ना?"

"हसतोय. पण कूलरसमोर घाम फुटलाय त्याला."

"गुलाबपाणी कोण शिंपडणार?"

"तुम्ही."

"नौकरी जाईल, सांगून ठेवतो!"

बाईंच्या डोळ्यांसमोर घरची चूल आली. त्यांनी मनातल्या मनात बुद्धवंदना सुरू केली आणि वाल्मिकच्या मनगटावरची बोटं हलवली नाहीत. बाटली लागली. बाहेर नीरजनं स्वतःच गुलाबपाणी शिंपडलं. निम्मं पाहुण्यांवर, निम्मं स्वतःवर. आत हळूहळू घाम ओसरला आणि वाल्मिकनं आणखी जिलबी मागितली, तेव्हा बाईंनी डोळे पुसले.

डॉक्टर मंजिरींनी बाईंची नोकरी जाऊ दिली नाही, पण नियम घातला: नाव सिस्टरनं सुचवायचं नाही, पेशंटनं स्वतः सांगायचं. नीरजनं लगेच पाटी रंगवली, 'आमच्याकडे प्रत्येक कस्टमरची खास ओळख!'

दोन दिवसांनी नीरजलाच चक्कर आली म्हणून तो बीपी मोजायला बसला.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"कमाल आहे! मला ओळखत नाही का?"

"ओळखते. तरी सांगा."

नीरज तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून वाल्मिक ओरडला, "हजर!"

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वाल्मिकनं मुकाट्यानं चादर डोक्यावर ओढून घेतली.