फ्रिजवरचे तीन अर्ज

आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तोंडी मागणी चालत नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी लिहायची, फ्रिजवर चुंबकाखाली लावायची. संध्याकाळी ऑफिसातून आले की मी शेरा मारणार. कायदा माझाच. दिवसभर मंत्रालयात लोकांचे तक्रारअर्ज निकाली काढणारी बाई घरी वेगळं काय करणार? फक्त घरी मी हिरव्या शाईने लिहिते. ऑफिसात हिरवी शाई बड्या साहेबांची, आमच्या नशिबी निळी. घरची साहेब मात्र मीच.

लेक सहा वर्षांची असल्यापासून अर्ज करतेय. "कुत्रा पाहिजे." नामंजूर. "आज छोले-भटुरे." मंजूर. मजा यायची हो!

यंदा ती दहावीत. एक दिवस चिठ्ठी दिसली, "अकरावीला मला सायन्स नको, इतिहास घ्यायचाय." मी खाली लिहिलं, "बघू." आठवड्याने दुसरी आली, मग तिसरी. बघू, बघू. खरं सांगते, मला धास्ती वाटत होती. नागपूरहून स्पर्धा परीक्षा देऊन मी इथवर आले. इतिहास शिकून पोरगी पोट कसं भरणार? पण तोंडावर नाही म्हणायचा धीर होत नव्हता. चौथी चिठ्ठी आलीच नाही. म्हटलं, चला, मिटलं.

मग एका रविवारी सकाळी तिच्या शाळेतल्या वादविवादाची तालीम निघाली. अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडच्या राज्यातून का फुटल्या, हा विषय. ती वसाहतींच्या बाजूने.

"आई, तू लंडनचं सरकार हो ना."

हे मला सांगावं लागतं होय! डायनिंग टेबलाच्या टोकाला मी ऐटीत बसले. नवरा पोह्यांची बशी घेऊन प्रेक्षक झाला.

"तुमच्या पार्लमेंटमध्ये आमचा एक माणूस नाही," लेक म्हणाली, "तरी आमच्या कागदावर कर, चहावर कर!"

"मग तुमच्या रक्षणाचा खर्च कोण देणार?"

"कसलं रक्षण? आमच्याच गावात शिपाई आणून बसवलेत, बंदर बंद केलंत."

"लेखी द्या."

"दिलं की! कितीदा दिलं. शेवटचा अर्ज तर राजाने हातातसुद्धा घेतला नाही."

मला चेव चढला. ऑफिसातलं ठेवणीतलं वाक्य काढलं, "त्यानंतर आपल्याकडून एकही अर्ज आलेला नाही. सबब तक्रार उरलेली नाही. फाईल बंद."

नवरा खो-खो हसला. लेक हसली नाही.

"तक्रार होतीच, आई. त्यांनी मागणं सोडलं होतं. मग जो कागद लिहिला, तो राजाला केलेला अर्ज नव्हता. सगळ्या जगाला सांगितलं, आम्ही चाललो, आणि का चाललो त्याची ही यादी."

माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. तिन्ही चिठ्ठ्या तिथेच होत्या.

"विषयांचा फॉर्म कुठाय तुझा?" मी विचारलं.

तिने दप्तरातून काढला. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. विषयाच्या रकान्यात पेनाने ठसठशीत लिहिलेलं, इतिहास. पालकांची सही तेवढी बाकी.

"बाबांची घेणार होते," ती हळूच म्हणाली. "तुला परत विचारणार नव्हते."

फार लागलं मला ते. मला न विचारता? पारा चढला, आणि तसाच उतरला. तीनदा विचारलं होतं की पोरीने!

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं. "तुझं पुढे कसं होईल याची."

"मग तसं लिहायचं ना, यार आई! मी उत्तर दिलं असतं."

मी निळ्या पेनाने सही केली आणि हिरवं पेन तिच्यापुढे सरकवलं. राज्य सोडवत नाही असं एकदम, पण दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना फ्रिजवर मी माझी चिठ्ठी लावली, "या रविवारी पानिपतला काला अंबचं स्मारक बघायला जाऊ या. तिथली लढाई मला नीट समजावून सांगशील का?"

संध्याकाळी आले, पर्स टेबलावर टाकली आणि आधी फ्रिज गाठला. माझ्या अर्जाखाली हिरव्या शाईत शेरा होता.

"बघू."