सुनेला दिलेलं काळं अंडं

येव्दोखा ईस्टरची अंडी लिहायची. तिच्या डोंगरात अंडं रंगवत नाहीत, लिहितात. कीस्तका नावाच्या लेखणीच्या बारीक टोकातून तापल्या मेणाची रेघ ओढायची, मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं, मग तांबड्यात, शेवटी काळ्यात, आणि दर रंगाआधी पुन्हा मेणाची रेघ. ज्यावर मेण बसलं तो रंग टिकला. लिहायला बसण्याआधी मन निवळ हवं, म्हणून येव्दोखा प्रार्थना म्हणे आणि कुणाशी भांडण झालेलं असेल तर मिटवून येई. बाई भांडखोर होती, त्यामुळे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिला फार हिंडावं लागे.

तीन वर्षांपूर्वी एक भांडण तिनं मिटवलं नाही, कारण ते घरातलंच होतं. तिचा मुलगा ओनुफ्री नव्या बायकोचं, मोत्र्याचं, कौतुक करत चार पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "आई, कुलेशा करावी तर आमच्या मोत्र्यानं. तुझ्यात गुठळ्या राहतात." मक्याच्या पिठाच्या त्या लापशीवरून येव्दोखाचा जळफळाट झाला. नव्या सुनेला ईस्टरला द्यायचं ते उजळ अंडं, वर पाखरं काढलेलं, म्हणजे घरात पाळणा हलतो. काळं अंडं म्हाताऱ्यांचं, पैलतीर दिसू लागलेल्यांचं. येव्दोखानं मोत्र्याला काळं दिलं. सुनेनं ते वाकून घेतलं आणि देवाच्या तसबिरीपाशी ठेवलं.

पाळणा काही हलला नाही. गावातल्या बाया मोत्र्याकडे बघून हळहळत आणि येव्दोखा मान खाली घालून पुढं होई. नवराबायको दोघांत काहीच दोष नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा तर तिची झोपच उडाली. पुढच्या दोन ईस्टरना तिनं सुनेला पाखरांनी भरलेली अंडी दिली, पण मनाची रुखरुख गेली नाही. आपल्याच हातानं आपल्या नातवाची वाट अडवली, असं तिला वाटे, आणि कुणाजवळ बोलायचीही चोरी.

यंदा उपास सुरू होण्याआधीच्या रविवारी, घराघरांत सगळे एकमेकांची क्षमा मागतात त्या दिवशी, ती चुलीपाशी गेली. मोत्र्या कणीक मळत होती.

"क्षमा कर गं, मोत्रे."

"देव क्षमा करो, आई," मोत्र्या रिवाजाप्रमाणे म्हणाली.

"तसं नव्हे. ते पहिलं अंडं. काळं."

"त्याचं काय? माहेरी विचारलं होतं मला, असलं कसं दिलं म्हणून. मी म्हटलं, सासूबाईंनी मला घरातली थोरली मानलं."

येव्दोखाला तिथंच थांबता आलं असतं. सून आयतीच पळवाट देत होती.

"नाही गं बाई. रागानं दिलं. कुलेशेवरून."

मोत्र्याचे हात थांबले. "ठाऊक आहे. त्याच दिवशी कळलं होतं. मीही याच डोंगरातली आहे ना, आई."

"मग माहेरी खोटं का बोललीस?"

"तुम्हाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून."

येव्दोखा बाकावर बसली. सुनेनं चार शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या. मोत्र्यानं परात उचलली आणि सासूला मोकळेपणी रडता यावं म्हणून तिच्याकडे पाठ करून पुन्हा मळायला घेतलं.